अप्पांसाठी पाठीचं मांस

माचय्या,

तुझ्या आत्याला आणायला मी विराजपेटला चाललेय. तुझ्या अप्पांनी आज पुन्हा डुकराचं मांस मागितलं. पाठीचा तुकडा मिरी-हळद लावून झाकून ठेवलाय. तो कोरडा पडतो, म्हणून चरबी काढू नकोस, आच मंद ठेव. काचमपुळीचा आंबट रस अगदी शेवटी घाल. मीठही नेहमीसारखं घाल. वर्षभर अळणी गिळलं बिचाऱ्यांनी. काल डॉक्टर म्हणाले, आता मागतील ते द्या. त्यांच्यासमोर तोंड पाडून बसलास तर याद राख.

बंदुकीला तेल लाव. काडतुसं दोनच उरलीत, ती रानडुकरावर उडवू नकोस. तू जन्मलास तेव्हा गावाला कळवायला अप्पांनी रिवाजाचा एक बार काढला होता; माणूस गेला की दोन. त्यांच्यासाठी तुला दोन काढावे लागतील.

तुझी आई, अव्वा