खेचर की तीन नंबर

मी, सगुणा जनू मोकल, वय अदमासे एकाहत्तर, राहणार वरसे, तालुका रोहा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय सांगत आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून निवृत्त तलाठी पुंडलिकभाऊ लिहीत आहेत. डोकं ठिकाणावर आहे. सुनेला शंका असल्यास तिने ती सोमवारनंतर काढावी. सोमवारी सकाळी मुंबईत माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. उद्याच निघायचं आहे.

एक. वरशाचं घर मुलगा हरेश याला, गळक्या कौलांसकट.

दोन. नथ सून राणी हिला. तशीही ती न विचारताच घालते.

तीन. कंपनीच्या गोल्फ मैदानावर मी चौदा वर्षं गवत काढलं. बदली होऊन जाताना साहेबांच्या बाईंनी स्टिकांची पिशवी मला दिली. ती नात नमिता हिला. त्याच स्टिकांवर ती खेळ शिकली. सोमवारीच त्या मैदानावर मुलींची निवड आहे. जागा एकच, शिकवणी आणि नोकरीसकट. लांबच्या फटक्याला प्रत्येकीने एकच स्टिक न्यायची.

हरेश म्हणतो, तीन नंबरची लोखंडी. मी म्हणते, ती फुगीर डोक्याची, अर्धी लाकडीच्या वळणाची, अर्धी लोखंडीच्या. तिला मी खेचर म्हणते. परवा हरेशने खेचर ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

चार. मिठागरात मीठ ओढायची फळी चिखलाला न लागता मिठाखालून सरकावी लागते. तसंच हे. लोखंडी गवतात रुतते, खेचर सरकतं. लोखंडीने मैदानात पडलेले खड्डे मीच बुजवलेत.

हे लिहीत असताना हरेश मध्ये बोलला, "आये, साहेब लोक लोखंडी मारतात. खेचर बघून हसतील पोरीला."

"हसू दे. चेंडूला कान नाय रं."

"आन चुकली तर? माझ्यासारखी घरी बसंल?"

हरेश घरी का बसला, हे आता सांगते, ते लिहा. हरेश अठरा वर्षांचा असताना वडखळच्या मिठागरावर त्याच्या हातात बापाची जड फळी मीच दिली. लोकांनी जनूचा पोर म्हणावं, ही माझी हौस. त्याची उंची मी पाहिली नाही. फळी चिखलात रुतली, मीठ काळं झालं, मुकादमाने सगळ्यांदेखत त्याला काढलं. मीही त्यालाच बोलले. चूक माझी होती.

म्हणून 'नमिताने खेचरच घ्यावं' ही पुंडलिकभाऊंनी लिहिलेली अट मी खोडायला लावली आहे. खाडाखोडीवर माझा अंगठा आहे.

पाच. हरेशने आत्ता ट्रंकेची किल्ली आणून या कागदावर ठेवली. ट्रंक नमिताने उघडावी. उद्या-परवा माळावर दोन्ही स्टिका मारून, गवत कितपत उपटतंय ते बघून, स्वतःच्या हाताने एक उचलावी. पिशवी हरेशने वाहावी, तोंड मिटून.

नमिता, कुठली घेतलीस ते आधी सांगू नको गो. मी शुद्धीवर आले की सांग. तेवढ्यासाठी तरी मला डोळे उघडावे लागतील.

वाचून दाखवलं, ऐकलं, कबूल.
डाव्या हाताचा अंगठा : सगुणा जनू मोकल

साक्षीदार :
१. पुंडलिक घरत (लिहिणार)
२. विमलबाई शेडगे (शेजारीण)

वरसे, शुक्रवार, १० डिसेंबर १९९९