चौघींचा एक जून

सोमवार, २ जून २०२५

सोसायटीचे चिटणीस सहदेव यांनी कालच्या भेटीचा वृत्तान्त व्हॉट्सॲप गटावर टाकला आहे. "हरेश्वरकाकांनी महिला वृद्धाश्रमास देणगी दिली. वाढदिवसाचा केक पाहून त्यांचे डोळे भरून आले."

एकही वाक्य खरे नाही. देणगी दिलेली नाही. मी पाहणीसाठी गेलो होतो. डोळे भरून आले नव्हते; मी चष्मा पुसत होतो, कारण केकवरचा मजकूर मला पटेना. एकच केक, त्यावर चार नावे. चौघींचा जन्म एकाच दिवशी — १ जूनला!

व्यवस्थापिका श्रुतिका हसली. "काका, शाळेत घालताना गुरुजींनीच एक जून लिहून टाकला ना. पार्वतीबाई तर शाळेतच गेल्या नाहीत. इथे फॉर्म भरताना त्या म्हणाल्या, बाकीच्यांचं आहे तेच लिही."

गुरुवार, ५ जून

माझी पत्नी नलिनी, तिला जाऊन दोन वर्षे झाली. तिने साठवलेले पैसे सत्कार्याला द्यावेत, ही तिचीच इच्छा. कोणते सत्कार्य, हे मात्र तिने माझ्यावर सोडले — माझा स्वभाव ठाऊक असूनही.

गोशाळा बाद : हिशेब मागितला, तर गाईंची छायाचित्रे पाठवली. वाचनालय बाद : त्यांना पुस्तकांपेक्षा प्रवेशद्वारावरच्या नावाची घाई अधिक. रुग्ण साहाय्य निधी बाद : पत्रकात 'दानशूर'मधला 'शू' ऱ्हस्व.

आश्रम बाद करण्यास कारण सापडले नाही. पण त्या चार तारखा मनातून जात नाहीत.

बुधवार, ११ जून

पैसे आश्रमालाच देण्याचे ठरले. श्रुतिकाला कळवले, आणि एक अट घातली : पुढच्या वर्षापासून प्रत्येकीचा वाढदिवस ज्या त्या दिवशी.

"पण खऱ्या तारखा कुणाला माहीत आहेत?"

मी आयुष्यभर पंचांगाच्या छापखान्यात मुद्रिते तपासली. जुनी पंचांगे कपाटात आहेत. त्यांना निवृत्तीनंतर काम मिळाले.

गुरुवार, १९ जून

चौघींसोबत बसलो. माधुरीबाई होळी पेटताना जन्मल्या, विनिताबाई दसऱ्याला. वर्ष कुजबुजत सांगितले आणि लिहू दिले नाही. मिनिटभराचे काम.

सुलक्षणाबाई मालवणकडच्या. त्यांनी बहिणीला फोन लावला. रामदास बोट बुडाली त्या दिवशी घरात यांची पाचवी होती. बोट बुडाली १७ जुलै १९४७ रोजी. पाचवी म्हणजे जन्मदिवस धरून पाचवा दिवस. म्हणून १३ जुलै.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "इतकी वर्सां मी दुसऱ्याच कोणाचो तरी वाढदीस करीत होतंय."

पार्वतीबाई ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या. "आय सांगाची, त्या दिसा बोंबील मायंदल गावले व्हते."

महिना? तिथी? काही नाही.

"मास्तर, तुमचे पंचांगान बोंबील नाय क?"

मी कधीही मास्तर नव्हतो, हे त्यांना तिसऱ्यांदा सांगितले.

रविवार, २९ जून

पार्वतीबाईंच्या भाच्याकडे, दशरथकडे, ट्रॉम्बेला जाऊन आलो. भला माणूस. त्याने सुरमई खाऊ घातली. मावशी पावसाळ्यानंतर जन्मली, एवढेच त्याला ठाऊक. सुरमई उत्तम होती.

रविवार, १३ जुलै

सुलक्षणाबाईंनी स्वतःच्या तारखेला केक कापला. पहिला तुकडा मला दिला. मी गोड खात नाही. खाल्ला.

किती देणग्या दिल्या असतील मी आजवर. पावत्या घेतल्या, फाइलला लावल्या. असे कधी वाटले नव्हते. परत येताना रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून वादही घातला नाही.

सोमवार, १४ जुलै

एक गोष्ट काल लिहायची राहिली. पार्वतीबाईंनी केक खाल्ला नाही. "तिघी गेल्या आपापले दिसाला. जून म्हैन्यान मी एकलीच राह्यली."

चुकीची का असेना, ती तारीख चौघींची मिळून होती. आता तिच्यावर त्या एकट्याच उरल्या. आणि हे मी केले आहे.

शुक्रवार, १८ जुलै

आज पार्वतीबाईंनी स्वतःच विषय काढला.

"मास्तर, बायकोचा वाढदीस कवा असतंय?"

"बावीस नोव्हेंबर. असायचा."

"आता तो कोन वापरतं?"

मी म्हणालो, तारखा वापरायच्या नसतात. लुगडे नव्हे ते.

"लुगरा पेटीन राह्यला त कसर लागतं," त्या म्हणाल्या. "मना दे ना. पावसानंतरचाच हाय."

"पार्वतीबाई, ती तुमची तारीख नाही."

"एक जून तरी कुठं व्हती?"

सुलक्षणाबाई ओरडल्या, "गो, मागतंस काय! काय लाजबीज?"

चहा न घेता उठलो.

शनिवार, १९ जुलै

दोन वर्षे २२ नोव्हेंबरला मी पडदे ओढून घेतो. फोन उचलत नाही. खिचडी करतो आणि अर्धी टाकून देतो.

नलिनीला त्या दिवशी घरात माणसे लागत. सकाळपासून दार उघडे असे.

खोटी तारीख मी आजवर छापू दिलेली नाही.

सोमवार, २१ जुलै

श्रुतिकाला आश्रमातल्या वाढदिवसांच्या फलकासाठी पाठवलेला मजकूर. मूळ नोंद चौघींचीही १ जून. ती रद्द समजावी. वर्षे लिहू नयेत, ही त्यांची अट.

माधुरी — ६ मार्च.
सुलक्षणा — १३ जुलै.
विनिता — १२ ऑक्टोबर.
पार्वती — २२ नोव्हेंबर.

सर्व तारखा तपासल्या. बरोबर आहेत.