मानेसकट मोर

२ मे २००९
मेहुणा नामा दुबईहून घरच्या घरी कागद कापायचं मशीन घेऊन आला. डिझाइन निवडा, बटण दाबा, एकदम अचूक कटिंग. सोळाला आमच्या लेकीची, करिष्माची हळद. तिला मंडपाच्या दारात कागदी मोरांची रांग हवीय. तुळशीराम मंडपवाल्याला कळवलं, तू फक्त बांबू आणि कापड आण, डेकोरेशन घरचं.
मशीनची रीतसर पूजा केली. हळद, कुंकू, नारळ आणि खारबावच्या आपल्या शेतातल्या तांदळाच्या अक्षता. सढळ हाताने.

३ मे
पहिला मोर निघाला. मान वेगळी, मोर वेगळा. ब्लेड नवीन आहे, रुळेल.

५ मे
मॅन्युअल वाचणार नाही. आयुष्यभर गोडाऊनच्या ताडपत्र्या कापल्या, मला काय शिकवणार! खरं कारण सापडलं. काल्हेर रोडच्या ट्रेलरने घर हादरतं. मशीन मागच्या खोलीत हलवलं. जागा बदलली म्हणून पुन्हा पूजा, पुन्हा अक्षता.

७ मे
मोर अर्धा असताना लोडशेडिंग. लाइट आल्यावर मशीनने शेपटी पोटातून काढली. बायको तुळजा म्हणाली, तंदुरीला चालंल. दुर्लक्ष केलं.

९ मे, सकाळी
संकल्प: चिडायचं नाही.

९ मे, दुपारी
चिडलो. कागद ज्यावर चिकटवून मशीनमध्ये घालायचा, त्या मॅटचा चिकटपणा गेला, कागद सरकतो. सायझिंगवाल्याकडून सुताला लावायची खळ आणून मॅटला फासली. आता कागद सरकत नाही. निघतही नाही.

१२ मे, मंगळवार
रोलर कर्रकर्र करतो. नामा म्हणाला, आत काही अडकलंय का बघा. आत काय अडकणार? मशीनला माझ्याशिवाय कोणाचा हात नाही. नजर लागलीय. मोठी पूजा केली. तुळजा म्हणाली, तांदूल काय फुकट आलाय काय?

१४ मे
करिष्मा शेजारी येऊन बसली. म्हणाली, बाबा, मोर नसले तरी चालतील. कसे चालतील? सासरी जाताना पोरीने एवढंच मागितलं. पहिल्यांदाच भीती वाटली. तुळशीरामला सहज फोन केला. त्याचं डेकोरेशन सगळं राहनाळच्या लग्नात गेलंय. फोन ठेवताना हसला वाटतं. रेंजचा प्रॉब्लेम असेल.

१६ मे, हळद
दारात आंब्याची पानं, झेंडू आणि एक मोर. मान टाचणीने जोडलेली. फॅन लावला की हलायची. पाहुण्यांना वाटलं, मुद्दाम केलीय. मी नाही म्हणालो नाही.

१७ मे, लग्न, सकाळी
टेबल हवं म्हणून करिष्माने मशीन उचलून तिरकं केलं. आतून तांदूळ पडले. पिवळे. पडतच राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे मशीनमध्ये दोष नव्हता. आमचा तांदूळच जरा टपोरा.
करिष्मा हसत खाली बसली आणि दाणे वेचून माझ्या ओंजळीत घातले. म्हणाली, बाबा, ह्या अक्षता आज माझ्या डोक्यावर टाकायच्या, मशीनच्या नाही. मला रडू आलं. तुळजाला सांगितलं, खळीचा वास झोंबतोय.
अक्षता खिशात ठेवल्या. मशीन चालवून पाहिलं. मोर निघाला, मानेसकट, एकदम अचूक. खिशात घातला तर दुमडेल. तसाच हातात धरून हॉलवर नेतो.