हप्ता तोच, मुदत नवी

आई,

घराचं कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं आणि मी ते तीनदा वाचलं. तुझ्या मुलीचं इंग्रजी तुला ठाऊक आहे. शाळेतल्या नन्सनी घासूनपुसून दिलेलं, आणि नंतर नोकरीभर साहेबांच्या पत्रांतल्या चुका काढून धारदार झालेलं. त्या पत्रातला एकही शब्द मला अनोळखी नव्हता, पण पत्र काय म्हणतंय ते कळेना. संदर्भ दर वर सरकला आहे, सबब लागू दरात सुधारणा करण्यात आली आहे, असं बरंच काही. सुधारणा म्हणे! मध्येच ठळक अक्षरांत लिहिलं होतं की आपला मासिक हप्ता बदललेला नाही. तेवढं वाचून मी हुश्श केलं आणि पत्र फ्रिजवर ठेवून दिलं. तरी काहीतरी खुपत राहिलं. काहीच बदललं नसेल तर माणूस दोन पानं कशाला लिहील?

तू असतीस तर मला स्वयंपाकघरात बोलावलं असतंस. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबा टूरवर असले की इंग्रजी पत्रं माझ्या वाट्याला यायची. तू पोळ्या लाटायचीस आणि मी दाराच्या चौकटीला टेकून वाचायचे. एक दिवस क्वार्टर देणाऱ्या ऑफिसचं पत्र आलं. मी ते वर्गात कविता म्हणावी तसं झोकात वाचून दाखवलं आणि कागद घडी करून निघाले. तू तव्यावरची पोळी उलटलीस आणि मान वर न करता म्हणालीस, "वाचता येतं तुला, ते कळलं. आता पत्र सांग."

"अगं, शो कॉज आहे. म्हणजे कारण दाखवा."

"कोण कोणाला सांगतंय? आपण काय करायचं? नाही केलं तर काय होईल?"

मी कागदाची घडी उलगडली. पुन्हा वाचावं लागलं, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळ तुला मराठीत सांगावी लागली. इंग्रजी शब्द तसाच पुढे केला तर तू लाटणं थांबवायचीस. शेवटी त्या भारदस्त पानातून एवढंच निघालं, की आपण एक खोली भाड्याने दिली आहे असा त्यांना संशय आहे, पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर घर सोडा. व्हरांड्यात झोपणारा तुझा भाचा, म्हणजे आपला दादा, त्यांना भाडेकरू वाटला होता! चौकशीला इन्स्पेक्टर आला तेव्हा तू त्याला चहा दिलास, चिवडा दिलास आणि तुझ्या त्या खास हिंदीत सांगितलंस, "भाईसाब, किराया तो ये मेरेसे लेता है. हर महिने, बस के पास का." तो इन्स्पेक्टर हसता हसता चहा सांडायच्या बेताला आला. पण तो गेल्यावर तू दादाचं अंथरूण व्हरांड्यातून आत आणलंस. सरकारी घर कधीही जाऊ शकतं, हे तू एक दिवसही विसरली नाहीस.

म्हणूनच तू त्या घरात कधी खिळा ठोकला नाहीस. भिंत खराब झाली तर घर सोडताना पैसे कापतील, म्हणून आधीच्या लोकांनी सोडलेल्या खिळ्यांवरच आपलं सगळं लटकायचं. कॅलेंडरचा खिळा तुझ्या डोक्याच्या कितीतरी वर होता. "आपल्याआधीचा माणूस ताडमाड असावा," असं म्हणत तू दर महिन्याला स्टुलावर चढून पान उलटायचीस, आणि एकादशी बघायची असली तरी टाचा उंचावायचीस. बाबा रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं, भाड्याच्या घरांत आलो, तिथेही तेच. पुढे मी जमनापारच्या, नदीपलीकडच्या सोसायटीत फ्लॅटसाठी नाव नोंदवलं. तिथे तेव्हा नुसतं शेत होतं, आणि सगळे मला वेड्यात काढत होते. तू करोल बागेतल्या दुकानातून कागदाच्या पुडीत खिळे आणून माझ्या हातावर ठेवलेस. "पक्के आहेत. तुला हवे तिथे ठोक." इमारत उभी राहायला इतका वेळ लागला की तुला ते घर दिसलंच नाही.

आणि मी ते ठोकलेही नाहीत. घराची कागदपत्रं कर्ज देणाऱ्यांच्या तिजोरीत आहेत, तोवर भिंती त्यांच्या, असं माझ्या डोक्यात बसलेलं. तुझा फोटोसुद्धा कपाटाला टेकवून ठेवलाय. शेजारची पंजाबीण दर दिवाळीला विचारते, "मॅडमजी, आप शिफ्ट हो रही हैं क्या?" मी सांगते, सत्तरी यायच्या आत कर्ज संपेल, मग बघ कशी भिंत सजवते.

तर त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी ते पत्र फ्रिजवरून काढलं आणि मोठ्याने सांगायला लागले. मराठीत. रिकाम्या घरात. कंपनी म्हणतेय, बाई, व्याज वाढलंय. तुम्ही दरमहा देता तेवढंच द्या. पण त्यातलं जास्त आता व्याजात जाणार आणि मुद्दल कमी फिटणार. म्हणून तुम्ही आणखी देत राहा. कधीपर्यंत? ते दुसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक चौकटीत होतं. सहा वर्षं जास्त. म्हणजे मी पंचाहत्तर वर्षांची होईपर्यंत. आई, माझी पोळी जळली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शाखेत गेले. काचेचं ऑफिस, गारठवणारा एसी, टाय लावलेला तरुण अधिकारी. "मॅम, बिल्कुल टेन्शन मत लीजिए, ईएमआय तो वही है."

"बेटा, ईएमआय वही है, पर मैं वही नहीं रहूँगी. पचहत्तर की हो जाऊँगी."

तो हसला. मी हसले नाही. मग हळूहळू त्याच्याकडून काढून घेतलं की आज नवा माणूस कर्ज घ्यायला आला तर त्याला माझ्याहून कमी दर मिळतो, आणि मला तो हवा असेल तर फी भरावी लागेल. "म्हणजे इमानेइतबारे पैसे भरणाऱ्याला दंड, आणि काल आलेल्याला पायघड्या?" हे मी मराठीतच बोलले, रागात हिंदी सुचत नाही. तुझा तिसरा प्रश्न मात्र हिंदीत विचारला. काही केलं नाही तर काय होईल? तेव्हा त्याने खरं सांगितलं. पुन्हा दर वाढला तर पुन्हा मुदत वाढेल, आणि असंच पत्र येईल. हप्ता वाढवून जुनी तारीख परत मिळते का, विचारलं. मिळते म्हणाला, अर्ज द्यावा लागतो. मग पत्रात तसं का लिहिलं नाही? "मॅम, कोई पूछता नहीं."

मी विचारलं. अर्ज दिला. तारीख जुनीच राहिली, हप्ता मात्र चांगलाच वाढला. तेवढ्यासाठी आता आठवड्यातून तीनदा करोल बागेत जाते. तिथे आपल्याकडची मुलं-मुली मोठ्या सरकारी परीक्षेची तयारी करतात, त्यांना इंग्रजी उतारे शिकवते. परवा परभणीच्या एका मुलीने अख्खा उतारा न अडखळता वाचला आणि माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघितलं. मी म्हणाले, "वाचता येतं तुला, ते कळलं." पुढचं वाक्य फळ्याकडे वळून, तो पुसता पुसता बोलले.

घरी येऊन खिळ्यांची पुडी शोधली. एकाही खिळ्याला गंज नाही. तू पक्के म्हणाली होतीस, तसे पक्के. कर्ज फिटेपर्यंत थांबायचं म्हणत इतकी वर्षं काढली, आणि त्या लोकांनी एका बारीक चौकटीत माझं थांबणं सहा वर्षांनी लांबवून टाकलं. ती सहा वर्षं मी परत मिळवली खरी, पण आता त्यांच्या भरवशावर भिंत कोरी ठेवणार नाही. वरवंट्याने पहिला खिळा ठोकला, कॅलेंडरसाठी. थोडं प्लास्टर पडलं. कोणी पैसे कापायला आलं नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? त्या पुडीतच ठेवीन, उरलेल्या खिळ्यांबरोबर. पण एक सांगायचं राहिलं. तू म्हणाली होतीस, तुला हवे तिथे ठोक. खिळा मी तुझ्या उंचीला ठोकलाय. तारीख बघायला मला जरा वाकावं लागतं.