वंदनेवर उकडलेली अंडी

प्रिय आबा,

आज रविवार, सकाळचे साडेदहा. विश्रामबागच्या वसतिगृहाच्या खाणावळीत पातेली घासून पालथी घातली आहेत आणि मी मागच्या पायरीवर लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. पण आजची बातमी तुमचीच आहे, ती बापाला नाही तर दुसऱ्या कुणाला सांगू?

आधी एक गोष्ट सांगतो, रागावू नका. आई तुमच्या वंदनेवर अंडी उकडायची. तुम्हाला कधी कळलं होतं का?

तुम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलीत तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून रोज सकाळी तुमची मोठ्यानं वंदना. तुम्ही हात जोडून "नमो तस्स" म्हटलंत की आई उकळत्या पाण्यात पळीनं अलगद अंडी सोडायची. पंचशील संपताना काढलं तर अंडं चमच्यातून ओघळायचं. बुद्धवंदना संपली की पांढरं घट्ट, पिवळं मधासारखं. धम्मवंदना आणि संघवंदनाही होऊ दिली की डब्यात न्यायला पक्कं कडक.

तुम्ही गेलात आणि घरातली अंडी बिघडायला लागली. कधी पाणचट, कधी दगड. मी कोंबडीला दोष दिला. आई म्हणाली, "कोंबडीचं काय न्हाई रं. तुज्या आबांचा आवाज न्हाई घरात." मग तिनं सगळं सांगितलं. "ते असतं तर मला वरडलं असतं, वंदनेवर अंडी मोजतीस व्हय म्हणून."

ओरडला असतात का हो? की मिशीत हसला असतात?

तुमच्या संथपणाचा मला फार राग यायचा. तुमची वंदना झाली की मला म्हणायला लावायचात, आणि पंचशीलातल्या 'वेरमणी'मधला ण नीट आला नाही की पुन्हा पहिल्यापासून. शाळेला उशीर व्हायचा तो तुमच्यामुळं. सातवीनंतर शाळा सुटली, शुद्धलेखन मात्र सुटलं नाही, तेही तुमच्यामुळंच.

इथले मुख्य आचारी बिराप्पा, आटपाडीकडचे. मी इथं कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "रविवारी पोरास्नी अंडी लागत्यात. पिवळं मऊ पायजे. जमलं तर ऱ्हा, न्हाई तर स्टँडवर गाडी हाय."

स्वयंपाकघरात घड्याळ नाही. मागच्या रविवारी मी वंदना मनातल्या मनात म्हटली. वाईला चहाच्या दुकानात आडनाव कळलं आणि दुसऱ्या दिवशी माझं काम गेलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणून ओठसुद्धा हलवले नाहीत. अंडी फोडली तर सगळं पाणी. बिराप्पा म्हणाले, "ही अंडी हायत का आमटी? आता येक रविवार बघतो, बास."

आठवडाभर झोप नीट लागली नाही. मग ध्यानात आलं. मन घाईनं पळतं, निम्मे शब्द गिळतं. आबा, तुमची वंदना मनात मावतच नाही. ती मोठ्यानंच म्हणावी लागते. आणि मोठ्यानं म्हटली की मी कोण, ते सगळ्यांना कळणार.

आज पाण्याला उकळी आली. अंडी सोडली, हात जोडले आणि तुमच्या चालीत सुरुवात केली. कांदा चिरणाऱ्यांचे हात थांबले. बिराप्पा जवळ आले.

"काय म्हणतुयास रं?"

मी म्हणणं थांबवलं. "वंदना. आमच्या घरची."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पातेल्याकडं. "मग थांबलास कशापायी? अंडी दगड व्हतील. म्हण की."

तुटली होती तिथूनच पुढं म्हटली. बुद्धवंदना संपली, अंडी काढून गार पाण्यात टाकली. पहिलं अंडं बिराप्पांनी स्वतः फोडलं. पिवळं मधासारखं! तिथंच उभ्यानं खाल्लं त्यांनी.

"लय झ्याक. कुणी शिकवलं?"

"आमच्या आबांनी." शिकवलं आईनं, पण आवाज तुमचाच ना?

"आन् कडक कवा व्हतंय?"

"आणखी दोन वंदना म्हटल्या की."

"मग फुडच्या रविवारी थोडी कडक बी कर. समदी ऐकू दे."

आबा, तुम्हाला शब्द देतो. यापुढं वंदना मनात म्हणणार नाही, आणि एकही ण गिळणार नाही.

तुमचा,
दगडू