आईचं बोनाफाईड

प्रिय टकळे,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळं ठणठणीत आहे. हल्ली फोनवर तू 'हो', 'बरं', 'ठेवते' एवढंच बोलतेस. जिला टकळी म्हणून हाक मारली तीच मुकी झाली, म्हणून लिहायला बसले. कागदावर तरी तुला मला मधेच तोडता येणार नाही.

आधी भांडण उरकते. गेल्या खेपेला आलीस तेव्हा म्हणालीस, शिकायचा कंटाळा आला, आता नोकरीच बरी. मी मान डोलावली, पण मी काही खुळी नाही. दवाखान्याच्या लाँड्रीत अठरा वर्षं काढलीत, खिसा तपासल्याशिवाय कपड्यावर इस्त्री ठेवत नाही. डॉक्टरांच्या कोटांतून पेनं काढलीत, गोळ्या काढल्यात, एकदा तर चक्क कवळी. तुझ्या प्रयोगशाळेच्या कोटातून तो कागद निघाला. अक्षराला अक्षर लावत वाचला. पुढच्या दोन वर्षांच्या कोर्सला तुझी निवड झाली आहे आणि पुढल्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत प्रवेश घ्यायचा आहे, एवढं कळलं. कळलं आणि तुझी कॉलर करपली. इस्त्री बिघडलीय म्हणाले होते ना, ते खोटं होतं.

तुला कंटाळाबिंटाळा काही आलेला नाही, तुझ्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू झालेत. कर्जाच्या कागदावर तुझ्या सहीखाली माझीही सही आहे, मग विचार एकटीने का करतेस गं? म्हणून गेले बँकेत. खिडकीवरची पोरगी तुझ्याच वयाची. म्हणाली, मावशी, शिक्षण चालू असेल तर हप्ते पुढे ढकलता येतात, बोनाफाईड आणा, म्हणजे नाव घातल्याचा दाखला. पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. माझा धीर तुला माहीत आहे.

आता हसायचं नाही. मी मागच्या गल्लीतल्या मोठ्यांच्या शाळेत नाव घातलं. कर्ज दोघींचं, मग दोघींपैकी कुणीही शिकलं तरी चालत असेल, असं माझं डोकं. सकाळची शिफ्ट सुटली की दोन तास जाते. बाकं बारक्या पोरांची, गुडघे हनुवटीला लागतात. शेजारी एक रिटायर ड्रायव्हर बसतो, माझं बघून लिहितो आणि वर मलाच चुका दाखवतो. पंधरा दिवसांनी बाईंनी दाखला दिला. तो कडक इस्त्री करून बँकेत नेला. त्या पोरीने दोनदा वाचला आणि म्हणाली, मावशी, मुलीचा हवा होता. हसली नाही बिचारी. बाहेर आली, मला खुर्चीवर बसवलं आणि सावकाश समजावलं. तू प्रवेश घेतलास की तुझ्या कॉलेजचा दाखला अर्जाला जोडायचा, मग कोर्स संपेपर्यंत हप्ता थांबतो. व्याज तेवढं चढत राहतं. ते मी महिन्याच्या महिन्याला भरणार, यावर चर्चा नाही.

तुला एक कधी सांगितलं नाही. चौथीतून माझी शाळा सुटली तेव्हा मीही घरात हेच म्हटलं होतं, कंटाळा आला. धाकट्याला शिकवायचं होतं आणि पैसा एकापुरताच होता. सगळ्यांनी मान डोलावली. माझा खिसा कुणी तपासला नाही.

सोबत बँकेचा अर्ज ठेवला आहे. माझी सही केली आहे, नेहमीसारखी चित्र काढल्यागत नाही, नीट. हे पत्रही पहिल्यांदाच माझ्या हातचं आहे, तीन दिवस लागले, चुका असतील तर गप्प बस. दहा तारखेच्या आत कॉलेजात जाऊन ये. माझा दाखला बँकेत चालला नाही, तरी मी नाव काढलेलं नाही. शाळा सोडायची पाळी एका घरात एकदाच येते, आणि ती माझ्यावर येऊन गेली आहे.

तुझीच,
शेवटच्या बाकावरची आई