गुडघाभर पाण्यात

नाना, साठी उलटल्यावर तुमची लेक समुद्रात उतरली. अंदमानला, डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा आणि तोंडात नळी लावून. स्नॉर्केलिंग म्हणतात त्याला. पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालचं जग बघत राहायचं. अंगात जाकीट असतं, त्यामुळे पोहता आलं नाही तरी चालतं. मला येत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमची बदली होऊन आपण जयपूरला आलो तेव्हा मी आठ वर्षांची असेन. राजा पार्कात दोन खोल्यांचं घर होतं. तुम्ही यवतमाळचे, आई देवगडची. श्रावणात ऑफिसातल्या मंडळींची गोठ निघायची, म्हणजे भरलेल्या तळ्याकाठी सहल, गोवऱ्यांवर भाजलेल्या बाट्या आणि डाळ. त्या वर्षी आई बराच वेळ पाण्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "अहो, जाऊ का जरा पाण्यात?" पाय भिजवायचे असतील असं समजून तुम्ही "जा" म्हणालात. तिने पदर खोचला, कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत गेली आणि झेपावलीच. घरात सदा घाईत असणारी आई पाण्यात किती सावकाश हात मारत होती! काठावर बायका टाळ्या पिटतायत, तुमच्या साहेबांची बायको ओरडतेय, "अरे, भाभीजी तो मछली हैं!" आणि तुम्ही बूटमोज्यांसकट गुडघाभर पाण्यात उभे, सगळ्यांदेखत किंचाळताय, "परत फिर! आत्ताच्या आत्ता!"

ती फिरली. घरी आल्यावर ओल्या केसांनी ती स्टोव्हला पंप मारत होती, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "हे पुन्हा चालणार नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक टाळ्या वाजवत होते," आई म्हणाली.

पण ती पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही, माहेरच्या खाडीतसुद्धा नाही. मला पोहायला शिकवते म्हणाली, तेव्हाही तुम्ही नकोच म्हणालात. बायकोची लाज वाटणारा माणूस, असं मी तुमच्याबद्दल ठरवून टाकलं. तुम्ही गेलात, तरी ते तसंच राहिलं.

अंदमानात शिकवणाऱ्या मुलीने माझा हात धरला होता. "आंटीजी, नाक भूल जाइए, मुँह से साँस लीजिए." पहिल्यांदा खारं पाणी गिळलं, ठसका लागला. मग जमलं. खाली हिरवानिळा मासा दातांनी प्रवाळ कुरतडत होता आणि तो कुरकुर आवाज मला पाण्यात चक्क ऐकू येत होता. आईला हे दिसलं असतं तर, एवढंच मनात येत राहिलं. तेवढ्यात होडीवरून ह्यांची हाक आली. हाक कसली, ओरडणंच. "बाहेर ये! कळत नाही का तुला?" इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता. वर आले तशी ह्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं.

"एवढं ओरडायला काय झालं?"

"तुझं डोकं दिसेना," हे म्हणाले आणि खालीच बसले.

तेव्हा मला तुम्ही दिसलात, नाना. बूट काढायचंही भान न राहिलेले, पाण्याला घाबरणारे आणि तरीही गुडघ्यापर्यंत आत आलेले. त्या दिवशी स्वयंपाकघरात लोकांचं नाव न काढता "मला भीती वाटली" म्हणाला असतात तर? आई हसली असती. कदाचित तुम्हाला काठावर उभं करून, तुमच्या नजरेसमोरच पोहली असती. मी ह्यांना तसंच सांगितलं, "इथेच आहे, मधूनमधून हात वर करते," आणि पुन्हा उतरले.

हे कळल्यावर तुमच्यावरचा राग गेला, असं लिहायचं होतं. थोडा गेला. तुमची भीती खरी होती, पण तिची किंमत आईने मोजली. खरं तर हे पत्र तिलाच लिहायला हवं. तिच्यासाठीही कागद घेऊन बसले होते. 'आई' एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.